दोन माणसांचा ऑक्सिजन

मी रजई उचलली आणि सिलिंडरचा नॉब पाहिला. एकवर होता. सकाळी मी तो दोनवर ठेवला होता.

हवालदारांचे ओठ जांभळे पडले होते. डोळे अर्धे उघडे. मी खांदा धरून हलवला तेव्हा म्हणाले, "बर्फ काढला का वरचा?"

"कुठला बर्फ?"

"बंकरवरचा. छत बसेल."

मी नॉब दोनवर केला आणि सुनेला हाक मारली. सुजाताने ऑक्सिजन मोजायचं, बोटाला लावायचं ते छोटं मशीन लावलं. अठ्ठ्याहत्तर आला. नव्वदच्या आसपास हवा. ती म्हणाली, "आई, बोट गार आहे त्यांचं, म्हणून चुकीचं दाखवत असेल." तिने त्यांचा हात आपल्या स्वेटरच्या आत काखेत धरून ठेवला. हात गरम झाल्यावर पुन्हा लावलं. अठ्ठ्याहत्तरच.

समोरच्या खुर्चीत फ्रँक बसला होता. त्याचा सिलिंडर कधीच संपला होता. तो आमच्याकडे बघत होता आणि बोलत नव्हता, कारण बोलायला त्याच्याकडे श्वास नव्हता.

लाईट नव्हती. रस्ता बंद होता. खोलीत बोललं की तोंडातून वाफ निघायची.

आता कोण कुठले ते सांगते. हवालदार म्हणजे माझे मालक, हवालदार सखाराम मोरे. पायदळात होते. डोंगरातल्या, बर्फातल्या वरच्या पोस्टवर बरेच हिवाळे काढले. तिथे ऊबेला पेटवायच्या रॉकेलच्या बुखारीचा धूर आणि खाली आल्यावर बिड्या, दोन्हींनी मिळून फुप्फुसं खाल्ली. ते फक्त बुखारीचं नाव सांगायचे.

मी सैनिक नव्हते. चौथीपर्यंत शिकले. नाशिककडच्या छावणीत फौजेच्या इस्पितळात वॉर्ड आया म्हणून लागले आणि तिथूनच पेन्शनवर निघाले. बेडपॅन, चादरी, फरशी आणि सिलिंडर. भरलेला आणायचा, रिकामा न्यायचा, चावीने उघडायचा, सिस्टर सांगेल तेवढ्यावर नॉब ठेवायचा. आपल्या मनाने काही करायचं नाही. हवालदार मला चिडवायला मेट्रन म्हणत. मी रागावले की त्यांना हवालदार म्हणायची, आणि मी बरेचदा रागावलेली असायची, म्हणून तेच नाव राहिलं.

मुलगा मिलिंद अमेरिकेत इंजिनियर. श्रूजबरीला त्याचं घर आहे. त्याने आम्हाला बोलावून घेतलं. हवालदारांना इथे आल्यावर ऑक्सिजनचं मशीन लागलं. विजेवर चालतं, हवेतून ऑक्सिजन काढतं, दिवसरात्र घुरघुरतं. लाईट गेली तर म्हणून मशीनच्या कंपनीने चार छोटे सिलिंडर दिले होते. ते जिन्याखालच्या कपाटात उभे असायचे. दोनवर ठेवला तर एक सिलिंडर पाच तासांच्या आसपास जातो.

फ्रँक आमचा शेजारी. एकटा. मुलगी लांब ॲरिझोनाला. तरुणपणी अमेरिकेच्या फौजेत ट्रक चालवायचा. त्याच्याही नाकात तीच नळी आणि घरी तेच मशीन. हवालदारांचं इंग्रजी परेड ग्राउंडवरचं आणि फ्रँकला मराठी येण्याचा प्रश्न नव्हता. तरी दोघं रोज सकाळी आपापल्या दाराशी यायचे. हा म्हणायचा, "मॉर्निंग, सार्जंट." हे म्हणायचे, "ऑल ओके?" मग दोघं दोन बोटं वर करायचे. म्हणजे मी दोन लिटरवर आहे, तू? तोही दोन. झालं बोलणं. मी मिलिंदला म्हटलं होतं, यांच्यात एवढी दोस्ती कशावर आहे ते मला कळत नाही. तो म्हणाला, "आई, अगं सेम मॉडेल आहे दोघांचं."

त्या दिवशी आदल्या संध्याकाळपासून पाऊस होता. इथे बर्फ पडणं वेगळं आणि हे वेगळं. हा पाऊस पडतो आणि पडल्या जागी गोठतो. पायरीवर, तारेवर, झाडाच्या प्रत्येक काडीवर काच चढते. वजन झालं की फांदी मोडते. पहाटेपासून कडाकड आवाज येत होते. हवालदार उठून बसले आणि म्हणाले, "फायर कुठून येतंय?" चेष्टा होती. उजाडता उजाडता लाईट गेली आणि मशीन ओरडायला लागलं. मशीन बंद पडलं की तसं ओरडतं.

मी पहिला सिलिंडर लावला. नॉब दोनवर.

मिलिंदने वीज कंपनीला फोन लावला. रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, संध्याकाळपर्यंत. घर गॅसवर तापतं, पण ती गरम हवा ढकलणारा पंखा विजेवर. म्हणजे गॅस असून उपयोग नाही. जनरेटर घ्यायचा असं दर हिवाळ्यात ठरायचं. ठरायचंच.

गावाने शाळेत गरम खोली उघडली होती. तिथे लाईट होती. मिलिंद गाडी काढायला निघाला.

"अण्णा, चला. तासाभराने रस्ता अजून खराब होईल."

"रिलीफची तुकडी आल्याशिवाय पोस्ट सोडत नाही मी."

"अहो अण्णा, हे घर आहे."

"मग तर मुळीच नाही."

"यार, आई, तू सांग ना यांना."

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. हे चालू असतानाच बाहेर मोठा आवाज झाला. समोरचं मेपल मुळासकट रस्त्यावर आडवं झालं होतं आणि त्याच्याखाली विजेच्या तारा. जायचं की नाही हा प्रश्न संपला.

हवालदारांनी खिडकीतून पाहिलं. मग म्हणाले, "फ्रँकला आण."

मिलिंद बूट घालायला लागला तर म्हणाले, "बुटावरून मोजे चढव. लोकरीचे. घसरणार नाहीस." ते खरं होतं. मिलिंद गेला आणि फ्रँकला हाताला धरून घेऊन आला. दोन अंगणांतलं अंतर, पण बराच वेळ लागला. फ्रँकचं घर सगळं विजेवर तापणारं, ते तोपर्यंत गार झालं होतं. त्याच्याजवळ चाकांच्या गाडीवर एक सिलिंडर होता, निम्म्याहून कमी भरलेला. बाकीचे दोन रिकामे होते. त्याने बदलून मागवले होते, कंपनीची गाडी त्याच दिवशी यायची होती.

मी दोघांना मिलिंदच्या ऑफिसच्या खोलीत घेतलं. खालची, छोटी, दार लावता येणारी. अमेरिकेत स्वयंपाकघर आणि हॉल एकच असतो, मध्ये भिंत नाही. ऑक्सिजन चालू असेल तिथे जाळ चालत नाही. मेणबत्ती नाही, उदबत्तीसुद्धा नाही. सुजाताने बुद्धरूपापुढची मेणबत्ती हातात घेतली होती, ती मी परत ठेवायला लावली. गॅसची शेगडी काडीने पेटत होती, पण नुसती ऊब यायला ती चालू ठेवायची नाही असं सुजाता म्हणाली, त्याचा विषारी वायू होतो. तिचं बरोबर होतं. म्हणून खोलीचं दार बंद करायचं, स्वयंपाकघरात पाणी उकळायचं, स्टीलच्या बाटल्यांत भरून वर मोजा चढवायचा, गॅस बंद करायचा आणि मग बाटल्या आत न्यायच्या. एक पायाशी, एक पोटाशी. गार झाल्या की परत. सकाळभर मी आणि सुजाता तेवढंच करत होतो.

हवालदार पलंगावर, फ्रँक आरामखुर्चीत. दोघांना टोप्या, हातमोजे, रजया. फ्रँक सुजाताला म्हणाला, "नाइस हॉस्पिटल." हवालदारांना तेवढं कळलं. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "डेंजर मेट्रन."

अकराच्या सुमाराला मी हवालदारांचा दुसरा सिलिंडर लावला. जेवणाच्या वेळेला फ्रँकचा काटा लाल पट्टीत आला. मिलिंदने नाईन वन वनला, इथल्या तातडीच्या नंबरला, फोन केला. सगळं ऐकून आला आणि दारातच उभा राहिला.

"तारा जिवंत आहेत का ते बघितल्याशिवाय ॲम्ब्युलन्स आत येणार नाही. फायर ब्रिगेडवाले चालत येतील म्हणाले."

"कधी?"

"ते नाही सांगत. खूप कॉल्स आहेत. बाहेर पडू नका म्हणाले."

हवालदार माझ्याकडे वळले. "एक त्याला दे."

"नाही."

"दोन भरलेले आहेत कपाटात. हा एक चालू आहे."

"आणि रात्री लाईट नाही आली तर?"

"येईल."

"तुम्ही वीज कंपनीत लागलात का?"

ते हसले आणि त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "मेट्रन, पोस्टवर जे असतं ते सगळ्यांचं असतं."

"ही पोस्ट नाही. सिलिंडरवर चिठ्ठी आहे. नाव कोणाचं आहे ते वाचा."

"चष्मा नाही."

"मी वाचते. मोरे."

मिलिंद मध्ये पडला. "आई, तो माणूस समोर बसलाय."

"मला दिसतोय."

"मग आपण काय नुसतं बघत बसायचं?"

"हो. फायरवाले येईपर्यंत."

सुजाता खाली बघत होती. ती मिलिंदच्या बाजूने होती. फ्रँकने मिलिंदला काहीतरी विचारलं. मिलिंद टाळत होता. फ्रँकने पुन्हा विचारलं, मग मिलिंदने दोन शब्दांत सांगितलं असावं. फ्रँकने मान हलवली आणि हळूहळू काही बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, तुझ्या आईचं बरोबर आहे."

"मला त्याचं सर्टिफिकेट नको आहे," मी म्हटलं.

माझं म्हणणं साधं होतं. वॉर्डात सिलिंडर पेशंटचा असतो. एका खाटेचा दुसऱ्या खाटेला लावायचा तर वरून हुकूम लागतो, आणि हुकूम देणारा दोन्ही पेशंटना तपासून देतो. इथे तपासणारा कोणी नव्हता. मग ज्याचा आहे त्याचा. मी चाळीस वर्षं त्या माणसाचा संसार केला होता आणि पेन्शन आल्यावर त्याची औषधं भरली. फ्रँक चांगला माणूस होता, पण तो माझ्या खाटेचा पेशंट नव्हता.

हवालदारांनी वाद सोडला. त्यांनी वाद सोडला म्हणजे ऐकलं असं कधीच नसायचं. पण त्या दिवशी मी पाण्याच्या मागे होते. थोड्या वेळाने म्हणाले, "हे सिलिंडर फार गार लागतं अंगाला. त्याच्यावरही रजई टाक." सिलिंडर त्यांच्या बाजूला पलंगावर आडवा ठेवला होता. मी रजई टाकली.

दुपारी फ्रँकचा सिलिंडर संपला. हिस्स आवाज बंद झाला एवढंच. त्याने ओठ गोल करून, शिट्टी वाजवल्यासारखा श्वास सोडायला सुरुवात केली. त्यांना तसं शिकवतात. सुजाता त्याच्यापाशी बसली आणि त्याच्याबरोबर मोजायला लागली. आत दोन, बाहेर चार. त्याचा आकडा नव्वदवरून पंचाऐंशीवर आला, मग त्र्याऐंशीवर थांबला. फिरला नाही, बोलला नाही, तर त्याला तेवढ्यावर बसता येत होतं. किती वेळ, ते माहीत नव्हतं.

हवालदारांचाही आकडा खाली येत होता. एकोणनव्वद. सत्त्याऐंशी. आम्ही सगळे म्हणत होतो, बोट गार आहे. फ्रँकचं बोटही तेवढंच गार होतं, पण त्याचा सिलिंडर संपलेला, त्यामुळे त्याचा आकडा आम्हाला खरा वाटत होता आणि यांचा खोटा. खोलीत थंडी इतकी होती की कोणतंही कारण थंडीवर ढकलता येत होतं. ते जरा पेंगायला लागले तेव्हा सुजाता म्हणाली, सकाळी लवकर उठलेत.

मी स्वयंपाकघरात बाटल्या भरत होते. मिलिंद आतून आला.

"आई, मस्त चाललाय त्यांचा. अर्धा तरी आहे अजून."

"काय अर्धा?"

"सिलिंडर. चेक केला आत्ता मी. रात्रीपर्यंत आरामात जाईल."

तो मला धीर द्यायला आला होता. अकराला लावलेला सिलिंडर, आता उजेड उतरायला लागला होता. तो संपत यायला हवा होता. सिलिंडर भरलेला आणि पेशंट पेंगलेला, असं वॉर्डात दिसलं तर दोनच गोष्टी असतात. नळी दुमडलेली किंवा नॉब फिरलेला. मी गॅस बंद केला. बाटली कट्ट्यावर तशीच उघडी राहिली. आत जाऊन रजई उचलली.

पुढचं वर सांगितलं आहे.

दोनवर केल्यावरही आकडा लवकर चढेना. सुजाताला ऑक्सिजन कंपनीची नर्स फोनवर मिळाली. नर्स म्हणाली तीनवर न्या, त्याच्यावर नको, आणि बसतं करा. आम्ही तिघांनी त्यांना उशा लावून बसवलं. मिलिंद सारखा म्हणत होता, "मी बघितला ना काटा, मी बघितला." मी त्याला म्हटलं, "बाटली भरून आण." काम दिलं की माणूस जागेवर येतो.

एक्क्याऐंशी. चौऱ्याऐंशी. मग हवालदारांनी डोळे नीट उघडले. माझ्याकडे पाहिलं, नॉबकडे पाहिलं.

"तीनवर का?"

"एकवर का?" मी विचारलं.

ते श्वास गोळा करत थांबले. "अर्धा उरला ना?"

"उरला."

"मग तो माझा नाही. मी घेतलाच नाही तो. त्याला लाव."

सिलिंडर त्यांचा होता, त्यातलं ते न ओढता राहिलेलं होतं, आणि ते शुद्धीवर होते. वॉर्डात मी एवढ्या हुकुमावर हललेही नसते. पण तिथे दुसरा कोणी नव्हता हुकूम द्यायला.

मी कपाटातून भरलेला काढला, तो हवालदारांना लावला, नॉब तीनवर. अर्धा राहिलेला फ्रँकच्या गाडीवर चढवला. फ्रँक हात हलवून नको नको म्हणायला लागला. मी म्हटलं, "सिट. नो टॉक." त्याने ऐकलं. त्याला दीडवर ठेवला. थोड्या वेळाने त्याने डोळे मिटले आणि त्याचे खांदे खाली आले.

हवालदार त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा आकडा शहाऐंशीच्या पुढे गेला नाही.

मग नुसतं थांबणं होतं. अंधारायला लागलं. आम्ही टॉर्च छताकडे वळवून ठेवला. बाहेर फांद्या मोडतच होत्या आणि प्रत्येक आवाजाला मिलिंद दाराकडे जायचा. मी हवालदारांच्या छातीवर हात ठेवून बसले होते. त्यातली घरघर मला माहीत असलेली नव्हती. सकाळची वेगळी होती. ही खालून येत होती, ओली. मी ते कोणाला सांगितलं नाही. सांगून आणखी कोणती बाटली भरता आली नसती.

शेवटी दारावर थाप पडली. चार फायरवाले, बुटांना खिळे, मागे नारिंगी घसरगाडी. तारा बंद केल्याचं कळल्यावर झाडावरून चढून आले होते. त्यातली एक बाई होती, तीच प्रमुख. तिने दोघांना तपासलं आणि खांद्यावरच्या रेडिओत बोलली, "टू पेशंट्स. बोथ ऑन ओ-टू. वन क्रिटिकल." पलीकडून खरखर आली. ती म्हणाली, "कॉपी. वन ॲट अ टाइम."

घसरगाडी एकच होती.

तिने हवालदारांच्या पलंगाकडे बोट केलं. हवालदारांनी हात वर केला. "हिम फर्स्ट," फ्रँककडे दाखवून म्हणाले. "आय लास्ट. माय पोस्ट."

"सर, यू आर गोइंग नाऊ," बाई म्हणाली.

"मेट्रन, सांग तिला."

"ती सांगते आहे तेच बरोबर आहे," मी म्हटलं. "हुकूम आहे. चला."

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. फौजेतला माणूस हुकुमावर वाद घालत नाही. त्यांना रजयांत गुंडाळून पट्ट्यांनी बांधलं. शेजारी सिलिंडर. मिलिंद आणि सुजाता बरोबर गेले. दारातून नेताना फ्रँकने दोन बोटं वर केली. हवालदारांचे हात पट्ट्यांत होते.

मी फ्रँकजवळ थांबले. घसरगाडी परत येईपर्यंत तो अर्धा सिलिंडर पुरला, आणि थोडा राहिलाही.

हवालदार दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळात वारले. डॉक्टर म्हणाला, छातीत आधीच न्यूमोनिया धरत होता, थंडी होती, हृदय थकलेलं होतं, एक गोष्ट नव्हती. नॉब एकवर होता हे मी मिलिंदकरवी त्याला सांगितलं. त्याने लिहून घेतलं. एकवर नसता तर जगले असते का, असं मिलिंदने विचारलं. डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. वूस्टरहून आणि बॉस्टनकडून आपली माणसं आली. जय भीम झालं, त्रिशरण झालं, इथल्या पद्धतीने विजेच्या भट्टीत दहन झालं. घरी लाईट ते गेले त्याच दिवशी संध्याकाळी आली. मशीन आपोआप सुरू झालं आणि रिकाम्या खोलीत घुरघुरायला लागलं. मी बटण बंद केलं.

फ्रँक इस्पितळातून परतल्यावर दाराशी आला. चाकांच्या गाडीवर स्वतःचा सिलिंडर आणि दुसऱ्या हातात एक नवा भरलेला. कंपनीने दिला होता. आमच्या उंबऱ्यावर ठेवला. मी मिलिंदला सांगितलं, त्याला म्हणावं परत घेऊन जा, या घरात आता तो कोणी ओढत नाही.

पुष्कळ जणांनी मला विचारलं, तुम्ही पहिल्यांदाच एक दिला असता तर त्यांना नॉब फिरवावा लागला नसता, नाही का? नसता लागला. मग रात्री फायरवाले आले नसते आणि सिलिंडर संपला असता, तर दुसरं काही विचारलं असतं. मला पुन्हा कोणी विचारलं तर मी नाहीच म्हणेन. आणि ते नॉब फिरवतीलच. त्यांना मी ओळखते.

त्या दिवशी त्या घरात आम्ही पाच जण होतो. हवालदार सखाराम मोरे गेले. मिलिंद, सुजाता, मी आणि फ्रँक जगलो.